जपानहून आलेली पेटी आणि काळेवाडीची शेड यांची व्यवस्था

॥ श्री मोरया प्रसन्न ॥

दिनांक ९ नोव्हेंबर १९८१ रोजी जपानहून बोटीने मुंबईस व तेथून ट्रकने चिंचवडास पोहोचलेला माल येणेप्रमाणे:

लाकडी पेटी एक, लोखंडी पट्ट्या ठोकलेली. आत दोन तोंडांचे कार्ब्युरेटर नग दोन. कॅमशाफ्ट नग एक, तेलकट कागदात गुंडाळलेला. पिस्टन नग चार, रिंगांसह. जेटचा डबा एक, खाने चोवीस, प्रत्येक खान्यावर आकडा. हिरव्या चहाचा पुडा एक. पत्र एक.

मालाची किंमत: भेट म्हणून पाठवला, सबब काही नाही. कस्टमची ड्यूटी रुपये १,८६४. एजंटाचे १२०. ट्रकभाडे ४५. हमाली ४ (मागितले होते ६). एकूण रुपये २,०३३ फक्त. हे पैसे मी माझ्या पोस्टाच्या खात्यातून भरले. पावत्या देवघराच्या खालच्या खणात आहेत. तेव्हा पेटी कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे.

वकील सोपानराव म्हणाले, "वहिनी, मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते. आधी नाव, मग वय, मग शुद्धीवर असल्याचं लिहायचं." मी म्हटले, "शुद्धीवर आहे म्हणूनच आधी हिशेब लिहिला." त्यांनी पेन खाली ठेवून चहा मागितला. चहा दिला. आता नाव लिहिते.

मी, श्रीमती अरुंधती शरच्चंद्र दाबके, वय वर्षे ५८, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, राहणार चिंचवडगाव, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, स्मरण चांगले आहे. पोटातील गाठीचे ऑपरेशन दिनांक २१ डिसेंबर रोजी ठरले आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे नाही, पण त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझा मुलगा मधुसूदन याने गेल्या रविवारी थोडा आणून पाहिला, पण पोहे खाऊन तो परत गेला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे यजमान कै. शरच्चंद्र यांनी १९७८ साली रीतसर मृत्युपत्र करून सर्व मिळकत माझ्या नावे केली, त्यामुळे खाली लिहिलेले सर्व देण्याचा मला हक्क आहे. त्यांचे नाव मी उखाण्याखेरीज कधी घेतले नाही. कागदासाठी दोनदा लिहिले. पुढे 'हे' असेच लिहीन, वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

कलम १. चिंचवडगावातील दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या पश्चात चि. मधुसूदन यास. छपराची कौले पावसाआधी फिरवून घ्यावीत, दर वर्षी. एक वर्ष चुकले तर पुढच्या वर्षी तुळई बदलावी लागते. देवघरातील मूर्ती हलवू नयेत. गणपतीला रोज दूर्वा नाही मिळाल्या तरी चालेल, फूल मात्र घालावे.

कलम २. पोस्टातील बचत, ड्यूटी भरून राहिलेले रुपये ३,४१०, यातून माझे दिवसकार्य साधेपणाने करावे. पंगत नको. उरतील ते सून सुमेधा हिला. माझी नथही सुमेधालाच. ती कधी उलट बोलली नाही, मनात काय म्हणाली असेल ते तिचे तिला ठाऊक. चार पाटल्या कोणाला द्यायच्या हा प्रश्न नाही, त्या १९६६ साली विकल्या. का विकल्या ते पुढे येईल.

कलम ३. शिवणयंत्र. हे मला शेजारच्या कुसुमताईंना द्यायचे होते. परंतु त्या या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे सोपानराव म्हणाले. म्हणून यंत्र मी परवाच, हयातीत, त्यांच्या घरी पोहोचवले. कुसुमताई म्हणाल्या, "अहो, बऱ्या होऊन आलात तर परत मागाल!" मी म्हटले, "मागीन, पण तोवर यंत्राला तेल घाला."

कलम ४. आता मुख्य मिळकत. मौजे काळेवाडी येथील दोन गुंठे जागा, त्यावरील पत्र्याची शेड, लेथ एक, इंजिनाचा ब्लॉक घासण्याचे मशीन एक, सर्व हत्यारे, व शर्यतीची पांढरी फियाट गाडी. ही कोणास द्यायची ते सांगण्यापूर्वी ती कशी झाली ते लिहिते. सोपानराव म्हणाले, "इतिहास मृत्युपत्रात लिहीत नाहीत." पण इथे हक्क इतिहासावरून ठरतो.

आम्ही १९६२ साली चिंचवडला आलो. हे पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला होते. पुढच्या वर्षी कंपनीने यांना गिअरचे दात कापण्याच्या मशीनचे शिक्षण घ्यायला नऊ महिने जपानला, हामामात्सू गावी पाठवले. जी खोली मिळाली तिच्या मागे सोयाबीनचे पनीर करणाऱ्याचे घर, आणि त्याच्या परसात एक गळकी शेड. शेडमध्ये कुरामोची नावाचा तिशीतला माणूस मोटारींची इंजिने उघडून बसलेला असे. आधी तो एका मोटार कारखान्यात होता. तिथे त्याने फोरमनला न विचारता इंजिनाचे हेड घासून गाडी पळवून दाखवली आणि नोकरी घालवली. कारखान्यातून आले तसे इंजिन न ठेवता ते खोलायचे, घासायचे, जुळवायचे, आणि त्यातून मूळ होती त्याहून जास्त ताकद काढायची, याला ट्यूनिंग म्हणतात. हे रोज कामावरून सुटले की त्या शेडमध्ये जात. मांसमच्छी खात नसल्यामुळे नऊ महिने ते पनीर खाऊन राहिले. परत आले ते वजनाने उतरलेले आणि डोक्यात शर्यत भरलेली.

त्यानंतर दोन्ही घरांत पत्रे सुरू झाली. यांचे इंग्रजी बोलण्यापुरते. लिहायला बसले की चिडायचे. म्हणून हे सांगत आणि मी मॅट्रिकच्या इंग्रजीत लिहीत असे. तिकडेही तोच प्रकार. कुरामोची सांगे आणि त्याची बायको चियोको शब्दकोश घेऊन लिही. वर्षभराने आम्हा दोघींच्या लक्षात आले की पत्र खरे आपणच लिहितो. मग शेवटी चार ओळी आपापल्या येऊ लागल्या. तिने विचारले, तुमचे यजमान जेवायला वेळेवर येतात का. मी लिहिले, नाही. तिने लिहिले, इकडेही नाही. तेव्हापासून ती माझी मैत्रीण. तिला मी कधी पाहिले नाही.

त्यांची कंपनी मी पत्रांतून वाढताना पाहिली. १९६५ साली शेडवर पाटी लागली, अक्षरे चियोकोने कुंचल्याने काढलेली. १९६७ साली लहान गाड्यांच्या शर्यतीत पहिला नंबर. त्या दिवशी पनीरवाल्याने सगळ्यांना फुकट खाऊ घातले. १९६९ साली स्वतःचा संघ झाला, तीन गाड्या, पांढऱ्या, अंगावर निळा पट्टा. १९७३ साली पेट्रोलची टंचाई आली, तिकडे शर्यती बंद पडल्या. दोन गाड्या विकल्या, अकरा माणसांतली चार राहिली, आणि भातलावणीच्या यंत्रांची इंजिने दुरुस्त करून दिवस काढले. चियोकोने लिहिले होते, 'आम्ही तांदळावर जगलो, दोन्ही अर्थाने.' दोन वर्षांनी पुन्हा उभे राहिले. १९७८ साली कुरामोचीचा उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून इंजिने त्यांची मुलगी सेत्सुको बघते. आज चाळीस माणसे आहेत.

इकडे यांनी १९६६ साली नोकरी सोडली. मला सांगितले ते राजीनामा देऊन आल्यावर. मी दोन दिवस बोलले नाही, तिसऱ्या दिवशी पाटल्या काढून दिल्या. ब्लॉक घासण्याचे मशीन त्या पाटल्यांच्या पैशांचे आहे. जागा काळेवाडीच्या मालोजी नढे यांनी दिली, वाजवी भावात. मालोजी पहिल्या दिवशी इंजिनाचा आवाज ऐकून म्हणाले, "वहिनी, गाडी पळंल न पळंल, पर आमची म्हस आटली तर बघा!" म्हैस आटली नाही. पुढे दर वर्षी आमची गाडी शर्यतीला त्यांच्याच कांद्याच्या ट्रकमधून गेली, आणि आजतागायत तिला आतून कांद्याचा वास येतो.

कामाला उस्मानाबादकडचे ज्योतीराम आले. गाडी दुरुस्त तेच करीत आणि शर्यतीत चालवीतही तेच. आणि तिसरे माणूस म्हणजे आमची मुलगी मृदुला. तिला यांनी मुद्दाम शिकवले नाही. शाळेतून येताना डबा द्यायला जायची ती तिथेच थांबायची. एक पितळी गज होता, त्याचे एक टोक चालू इंजिनाला आणि दुसरे कानाला लावून ती डोळे मिटून उभी राहायची आणि सांगायची, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह सैल आहे." उघडले की सैलच निघायचा. हे कौतुकाने म्हणायचे, "हिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे." मला ते कौतुक आवडत नसे. नखांत काळे तेल घेऊन मुलगी जेवायला बसे. वय वाढत होते, स्थळे येत होती, आणि मी पाहुण्यांसमोर तिला हात पदराखाली ठेवायला सांगत असे.

कलम ५. हे कलम मिळकतीचे नाही, पण याच्याशिवाय पुढचे कलम कोणाला कळणार नाही. सोपानरावांना हे वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, हे असलं मृत्युपत्रात?" मी विचारले, "मग कुठे लिहितात?"

फेब्रुवारी १९७४. मद्रासजवळ जुन्या विमानपट्टीवर शर्यत होती. त्या साली गाडी पहिल्यांदाच जिंकेल अशी झाली होती. वाद फक्त जेटचा होता. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला पितळेचा एवढासा तुकडा, मध्ये सुईसारखे भोक. इंजिनाला पेट्रोल किती जायचे ते त्या भोकावर ठरते; आकडा मोठा तर भोक मोठे. हे म्हणत, "समुद्राकाठी हवा दाट, १३५ नंबर लागेल." मृदुला म्हणे, "बाबा, मी आणि ज्योतीरामभाऊ घाट उतरून पनवेलला जाऊन आलो. १३५ ला पेट्रोल जास्त होऊन प्लग काळे पडतात. १३०च बरोबर आहे." दोन दिवस घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. शेवटी हे म्हणाले, "बसव तुझा १३०. पण तुझ्या जबाबदारीवर."

निघायच्या दिवशी दुपारी मी नेहमीप्रमाणे पूजेचे ताट घेऊन शेडवर गेले. मृदुलाने नुकताच जेट बसवला होता आणि हात धुवायला नळावर गेली होती. कार्ब्युरेटरचे झाकण उघडे होते. हे म्हणाले, "अक्षता बॉनेटवर टाक, आत नको." मी म्हटले, "बॉनेट काय पळतं? पळतं ते इंजिन." आणि मूठभर अक्षता मोरयाचे नाव घेऊन इंजिनावर टाकल्या. झाकण उघडे आहे हे मी पाहिले होते. एवढ्याशा भोकात देवाचा तांदूळ जाऊन काय बिघडणार, असे मला वाटले. मृदुला आली, तिने झाकण लावले, गाडी ट्रकवर चढली.

सतराव्या फेरीपर्यंत आपली गाडी पुढे होती. वीस फेऱ्यांची शर्यत. ज्योतीराम परत आल्यावर सांगत होते, "पुढंच व्हतो बघा, वहिनी. सरळ पट्टीवर आवाज पातळ झाला. म्या पाय काढूस्तवर पांढरा धूर." इंजिनाला पेट्रोल कमी पडले, एक पिस्टन तापून त्याला भोक पडले. जेट लहान बसवला तर होते तेच, तंतोतंत.

हे घरी आले आणि चपला न काढता मृदुलासमोर उभे राहिले. "मी सांगितलं होतं. जेट लहान पडला."

"बाबा, एकदा कार्ब्युरेटर उघडून बघा."

"काय बघायचंय? पिस्टनला भोक पडलंय, ते पुरे आहे. उद्यापासून शेडवर यायचं नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. मी आमटीला फोडणी देत होते, देत राहिले.

आठ दिवसांनी ज्योतीराम मागच्या दाराने आले. त्यांच्या तळहातावर तांदळाचा एक दाणा होता, पेट्रोलने धुतलेला, एका टोकाला कुंकवाचा लाल रंग राहिलेला. म्हणाले, "मेन जेटच्या तोंडाशी बसला व्हता. दादांना सांगू का?" यांना ते दादा म्हणत.

मी म्हटले, "नको."

"मंग ताईला?"

"तिलाही नको. ज्योतीराम, मी तुमच्या पाया पडते."

"पाया नका पडू, वहिनी. पर हे चांगलं न्हाई."

तो दाणा मी घेतला. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही, आजवर नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचा प्रसाद खाल्लेला मी पाहिला नाही. घेतात, कपाळाला लावतात आणि खिशात ठेवतात.

याहून एक वाईट गोष्ट लिहायची आहे. यांनी सगळा प्रकार आकड्यांसकट कुरामोचीला कळवायला सांगितला. तो मीच लिहिला. महिन्याने उत्तर आले, तेही नेहमीप्रमाणे मीच वाचून अर्थ सांगत गेले. त्यात असे होते: '१३० हा आकडा बरोबर आहे. ज्याने तो निवडला त्याचा कान चांगला आहे. जेटमध्ये कचरा शोधा.' या तीन ओळी मी वाचल्या नाहीत. डोळ्याने वाचल्या, तोंडाने पुढच्या ओळीला गेले. यांनी विचारले, "जेटबद्दल काही लिहिलंय?" मी म्हटले, "नाही, पिस्टन पाठवतो म्हणतात." ते पत्र पोथीच्या कापडात आहे. या मृत्युपत्राला जोडावे.

का केले, तर पुढे कोणी माझ्या बाजूने काही बोलू नये म्हणून मीच लिहिते. यांची नास्तिकपणाकडे थोडी ओढ होती, आपल्या पूजेने गाडी जळाली हे त्यांना कळले असते तर घरातली पूजा बंद झाली असती, ही भीती होती. पण तेवढेच नव्हते. मृदुला शेडवर जायची थांबली तेव्हा मला मनातून बरे वाटले. वाटले, आता हिचे लग्न होईल. आणि झाले, पुढच्या वर्षी, अकोल्याच्या अनंतरावांशी. कॉलेजात शिकवतात, मनाने चांगले आहेत. जावयाबद्दल माझी तक्रार नाही. पाठवणीच्या दिवशी तिचे हात स्वच्छ होते, मी ते हातात घेतले आणि मला रडू आले. सगळ्यांना वाटले, मुलगी सासरी चालली म्हणून.

त्यानंतर गाडी तीन वर्षे शर्यतीला गेली, कधी सहावी आली, कधी पोहोचलीच नाही. यांच्या शेवटच्या आजारात एकदा हे म्हणाले, "पोरीला हात होता. मी एका भोकासाठी तिला घालवली." मी पायाला तेल चोळत होते. तेव्हा सांगायला हवे होते. सांगितले नाही. हे १९७९ च्या श्रावणात गेले. मृदुला तेरा दिवस राहिली, शेडकडे फिरकली नाही. जाताना स्टँडवर तिने विचारले, "आई, बाबा माझ्याबद्दल कधी काही म्हणाले का?" मी म्हटले, "आजारात कोणाला काय सुचतं, बाळ." एवढ्यावर बस सुटली.

मग मी चियोकोला सगळे लिहिले. या जगात दुसऱ्या कोणाला लिहिता येत नव्हते. दोन महिन्यांनी तिचे उत्तर आले: 'माझ्या नवऱ्याला कचरा आहे हे तेव्हाच कळले होते. तो देवाचा तांदूळ होता हे कळल्यावर तो हसला, आणि मग हसायचा थांबला. सेत्सुको तुमच्या मुलीएवढीच आहे. ती इंजिनापाशी उभी राहिली नसती तर आमची पाटी उतरली असती.' त्यानंतर दोन वर्षे पेटीचे सामान जमत होते. पेटीतल्या पत्राच्या वर नाव नाही. लिहिले आहे: '१३० निवडणाऱ्या व्यक्तीस.'

कलम ६. म्हणून सदर पेटी, आतील सर्व वस्तूंसह, माझी मुलगी सौ. मृदुला अनंत खरे हिची आहे. ही मी देत नाही, जिची आहे तिला पोहोचवते. चहाचा पुडाही तिचाच. तो मी फोडलेला नाही.

कलम ७. काळेवाडीची जागा, शेड, मशीने, हत्यारे व फियाट गाडी, माझ्या पश्चात सौ. मृदुला हिला. अटी दोन. ज्योतीराम यांना हयातभर तिथे काम करण्याचा हक्क आणि नफ्यात चौथा हिस्सा राहील. आणि ज्योतीराम यांनी मोठ्या आवाजात, चार माणसांसमोर, तिला सांगावे की जेट बरोबर होता. ते गेली सात वर्षे हे सांगायला थांबलेले आहेत.

मृदुलाने शेड नको म्हटले तर ती संपूर्ण ज्योतीराम यांची. चि. मधुसूदन याने ती प्लॅस्टिकचे कॅन करणाऱ्या पार्टीला विकायचे बोलणे केले आहे. रविवारी तो म्हणाला, "आई, तिथं आता कोण येतं? एक म्हातारा मेकॅनिक आणि एक मोडकी गाडी." मधू, तो म्हातारा तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे. तुला घर दिले आहे. शेड विकायची नाही. तुझ्यावर राग नाही, तुझ्या वडिलांनी तुला कधी तिथे बोलावले नाही हे मला माहीत आहे, आणि त्याचे तुला वाईट वाटत होते हेही.

मृदुलाने शेड घेतली काय, न घेतली काय, कलम ५ मध्ये लिहिलेले तसेच राहील. ते अटीवर सांगितलेले नाही.

कलम ८. किरकोळ. मोटार क्लबच्या ज्या गृहस्थांनी १९७२ साली मृदुलाला फॉर्म भरताना "तुम्ही कोणाच्या मिसेस?" असे विचारले, त्यांना माझ्या दिवसांचे बोलावणे करू नये. मालोजी नढे साक्षीदार असल्याने त्यांना काही ठेवता येत नाही. त्यांच्या ट्रकचे भाडे त्यांनी कधी घेतले नाही, ते देणे पुढच्या जन्मी फेडीन. यांचे हिशेबाचे आणि जेटच्या आकड्यांचे वही-बाड माझ्या हातचे आहे, अक्षर सुवाच्य आहे, ते शेडमध्येच असावे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकील सोपानराव बेंद्रे यांनी करावे. ज्योतीराम यांना लाभ असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही, पण हे त्यांना वाचून दाखवले आहे. कलम ५ ऐकताना ते उठून दारात जाऊन उभे राहिले. वाचून झाल्यावर म्हणाले, "ताई येईल का?" मी म्हटले, "मला माहीत नाही." ते म्हणाले, "पत्र टाका की मंग. बसलाव कशाला?"

वर लिहिलेले सर्व मी वाचले, मला समजले, मनापासून मान्य आहे, म्हणून खाली सही केली आहे. मी सही करताना दोन्ही साक्षीदार समोर होते आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) अरुंधती शरच्चंद्र दाबके

साक्षीदार:
१. (सही) मालोजी सखाराम नढे, राहणार काळेवाडी. सही मोडीत आहे, तीच त्यांची रीत.
२. (सही) कुसुम वामन लेले, निवृत्त शिक्षिका, राहणार चिंचवडगाव.

स्थळ: चिंचवडगाव
मंगळवार, दिनांक १ डिसेंबर १९८१, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १९०३

नक्कल एक, रजिस्टर टपालाने, सौ. मृदुला अनंत खरे, अकोला, यांस रवाना.

चि. मृदुला, अनेक आशीर्वाद. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, हे मला माहीत आहे. पण गेल्यावर तू माझ्याशी भांडू शकणार नाहीस, म्हणून आधी पाठवते. अनंतरावांनाही वाचायला दे, लपवू नकोस. लपवण्याचे काय होते ते वर लिहिले आहे. तुझे तिथे घर आहे, संसार आहे, शेडसाठी तो मोडून ये असे मी म्हणत नाही. सुट्टीत ये, वर्षातून दोन महिने ये, किंवा मुळीच येऊ नकोस. तुझे बाबा आजारात काय म्हणाले ते आता तुला ठाऊक झाले, एवढे मला पुरेसे आहे असे लिहिणार होते, पण ते खरे नाही. मला तुझे उत्तर हवे आहे. ऑपरेशन २१ तारखेला, सोमवारी सकाळी आहे. अकोल्याचे पत्र चार दिवसांत येते. सोबत जबाबी कार्ड घातले आहे, पत्ता लिहिलेला आहे, तिकिटाचा खर्च नको. रागाने लिहिलेस तरी चालेल, एकच शब्द लिहिलास तरी चालेल. पण मृदुला, उलटटपाली कळव.